कोणालाही न पटलेला खुनी

आचऱ्याच्या धोंडू घाडीला धोंडू म्हणून हाक मारणारी माणसं गावात दोनच उरली आहेत. एक ग्रामपंचायतीचा शिपाई, कारण घरपट्टीच्या नोटिशीवर तसंच लिहिलेलं असतं. आणि दुसरा शेजारचा साल्वादोर, कारण तो कोणाला राजा मानत नाही. बाकी सगळा गाव त्याला 'राजानू' म्हणतो.

धोंडू दशावतारी आहे. मंगेश मालकाच्या नाट्यमंडळात तो एकेकाळी डोक्यावरून कपड्यांचा पेटारा वाहायचा. एका जत्रेत मंडळाचा राजा तापानं फणफणला आणि मालकानं, म्हणजे मंगेशच्या बापानं, पेटारेवाल्या पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवून त्याला हरिश्चंद्र म्हणून ढकललं. तो मुकुट काही परत उतरला नाही. कपाळ रुंद, आवाज असा की नुसतं 'प्रधानजी' म्हटलं तरी मागच्या रांगेतली म्हातारी पदर डोळ्याला लावते, आणि नजर तर इतकी शांत की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या मनात पाप म्हणून शिरलंच नसेल. खरं म्हणजे धोंडूला लांबचं नीट दिसत नाही. पण हे लोकांना कोण सांगणार?

तेव्हापासून तो हरिश्चंद्र झाला, नळराजा झाला, धर्मराज झाला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे संपेपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात राज्य सोडायचं, वनवासाला जायचं, बायकापोरांची ताटातूट सोसायची आणि सगळं हसतमुखानं करायचं. रंगभूमीवर हे ठीक आहे. पण लोकांनी ते रस्त्यावरही लागू केलं.

बाजारात बांगडा जरा स्वस्त लाव म्हटलं की जानकी मासळीवाली कमरेवर हात ठेवून विचारायची, "राजानू, सपनात दिल्यालो शब्द पाळूक अख्खा राज्य देऊन टाकलास, आनि माझ्याकडे चार बांगड्यांसाठी हुज्जत घालतास?" आजूबाजूचे हसायचे. धोंडूही हसायचा, ती सांगेल तो दर द्यायचा आणि घरी येऊन कढीत मीठ जास्त पडलं म्हणून बायकोशी, आनंदीशी, तीन दिवस अबोला धरायचा. जत्रेत बाकीचे नट देवळामागं जाऊन घोट घेत. धोंडू आला की बाटली पानाखाली. एकदा त्यानं धीर करून साल्वादोरकडे घरच्या काजूच्या दारूची चव मागितली. साल्वादोरनं बाटली कपाटात ठेवली आणि चहा टाकला.

"तुका सोरो पाजलंय ता कळला तर गाव माका वाळीत टाकतलो," तो म्हणाला. "माझो देव वेगळो आसा, पन शेजारी तेच."

खरा कडेलोट गडग्याच्या प्रकरणात झाला. धोंडूनं बागेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घालताना तो चुलतभावाच्या जमिनीत हातभर सरकवला. चुकून नव्हे, दोरी धरून. चुलतभावानं बोंब मारली, चार जाणती माणसं जमली, त्यांनी माड बघितले, गडगा बघितला, धोंडूचं कपाळ बघितलं आणि उलट चुलतभावालाच झापलं. "राजा असा करीत काय रे? लाज नाय वाटत?" बिचाऱ्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली. धोंडूनं मोठ्या मनानं ती दिली.

त्या दिवशी त्याला गंमत वाटली. पण पुढं पुढं ती गोष्ट त्याला आतून खायला लागली. बेत आपला, धाडस आपलं, हातभर जमीनही आपल्याच पदरात. आणि केलं कोणी, तर कोणीच नाही! चोरालासुद्धा चोर म्हणून मान असतो. धोंडूच्या वाट्याला तोही नव्हता.

त्यातून मंडळात सुशांत होता. सुशांत दिवसा मालवणात पर्यटकांची होडी चालवायचा आणि रंग चढवला की राक्षस व्हायचा. उंच, दाढेत हसणारा, डोळे फिरवणारा. त्याला बघून पोरं आईच्या मागं लपायची. एका बाईनं त्याला भर एसटीत विचारलं होतं, "द्रौपदीच्या पदराक हात घालताना तुझे हात झडले नाय रे?" सुशांत ही हकिकत रोज नवा मीठमसाला लावून सांगायचा. धोंडू 'बरा, बरा' म्हणत ऐकायचा आणि मनात जळायचा. अभिनय याला म्हणतात. आपल्याला बघून पोरं काय करतात? चॉकलेट मागतात.

धोंडूचे गुडघे बोलायला लागले होते. आणखी एखादा मोसम, फार तर दोन. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी आपल्याला शिव्या घालाव्यात, एखादीनं तरी बोटं मोडावीत, एवढी एकच इच्छा धोंडूच्या मनात राहिली होती. आणि ही इच्छा सांगण्यासारखी नव्हती, कारण ऐकणारा म्हणाला असता, "राजानू, कितके नम्र तुमी!"

अशात साल्वादोरचा पिक्चर आला.

साल्वादोर पोरवयात मुंबईला गेला आणि केस पांढरे होईपर्यंत रेसच्या घोड्यांची निगा राखून गावी परतला. त्याच्या ऐन उमेदीत तिथं एका गुप्तहेरी पिक्चरचं शूटिंग झालं होतं. काळापांढरा पिक्चर. मोठ्या शर्यतीच्या सकाळी घोड्याचा मालक तबेल्यात मेलेला सापडतो, आणि हॅटवाला गुप्तहेर एकेकाला उलटासुलटा विचारत शेवटी सगळ्यांना एका खोलीत उभं करून खुनी दाखवतो. त्यात लगाम धरून पाठमोरा उभा असलेला माणूस म्हणजे साल्वादोर. ती पाठ दाखवण्यासाठी त्याचा तो पिक्चर अख्ख्या गावाला तोंडी सांगून झाला होता, फक्त खुनी कोण ते सोडून.

मंगेशला नवं काहीतरी हवंच होतं. धूर सोडून मुंडकी उडवायचे ट्रिकसीन आता सगळीच मंडळं करत होती, आणि आचऱ्यात संध्याकाळच्या महोत्सवात आपल्याच गावासमोर प्रयोग होता. त्यानं साल्वादोरला बोलावून पिक्चर पुन्हा ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "ह्या आख्यान आपण करूचा. पन राजा होयो. राजा नसलो तर आमका कोन बघतलो?"

मग घोड्याच्या मालकाचा राजा झाला, रेसचा अश्वसंग्राम झाला, तबेल्याची अश्वशाळा झाली. गुप्तहेर सुशांत होणार असं ठरलं. त्याला मुकुट द्यावा की हॅट यावर वाद झाला आणि हॅट जिंकली, कारण सुशांतनं ती आधीच मालवणातून आणली होती. जॉकीचं काम सर्वेशला मिळालं. सर्वेशचं पोट त्याच्या आधी रंगभूमीवर येतं. साल्वादोरनं कपाळाला हात लावला.

"ह्यो जॉकी? ह्यो बसलो तर घोडो धावतलो खंय? थंयच बसतलो!"

"घोडो बांबूचो आसा," मंगेश म्हणाला. "तो काय बोलना नाय."

राहिला खुनी. साल्वादोर गंभीर झाला. "पिक्चरात खुनी कोन, तर मेलेल्याचो थोरलो भाव. देवमानूस. ज्येच्यार कोनाचो संशय जावचो नाय असो होयो. आनि ऐका, शेवटापर्यंत कोनी तोंड उघडूचा नाय. आधी कळला की पिक्चर खलास."

हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. धोंडूनं चेहरा शक्य तितका दुःखी केला आणि "मालक म्हणतीत तर..." असं काहीतरी पुटपुटला. आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. घरी जाऊन तो आनंदीला म्हणाला, "ह्या खेपेक तू येवक होया." आनंदीनं त्याचं नाटक बघून बरीच वर्षं झाली होती. ती म्हणाली, "कित्याक? तुमी वनवासाक जातलास ना?" तो म्हणाला, "नाय, ह्या खेपेक मी वायट आसय." तिनं त्याच्याकडे जरा बघितलं आणि "येतंय" म्हणाली.

आता दशावताराची रीत माहीत नसणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. इथं छापील संहिता नसते, तालीम नसते. नट आरशासमोर बसून तोंड रंगवत असतात तेव्हा मालक आख्यान सांगतो, कोण कोणाला कुठं भेटणार ते ठरतं, आणि मग जो तो आपल्या अकलेनं बोलतो. पण दोन नियम कोणी मोडत नाही. पात्र पहिल्यांदा आलं की पखवाजाच्या तालावर एक गिरकी घेतं, रंगभूमीवरच्या एकुलत्या बाकड्यासमोर उभं राहतं, आणि आपण कोण, काय करून आलो, काय करणार आहोत ते लोकांना सांगतं. दुसरा नियम असा की दुसऱ्या पात्राशी वाटेल तेवढं खोटं बोलावं, लोकांशी बोलताना खोटं बोलायचं नाही. राक्षससुद्धा बोलत नाही.

रंगवताना मंगेशनं धोंडूला बजावलं, "राजानू, तुमी येवन नुसता भावासाठी रडा. बाकी काय सांगा नको." धोंडू म्हणाला, "माका शिकवतंस?" तालीम झाली असती तर लक्षात आलं असतं. पण तालीम करणं म्हणजे नटाचा अपमान.

पटांगण भरलं होतं. आनंदी बायकांच्या बाजूला बसली होती, साल्वादोर पुढच्या खुर्चीत स्वतःच दिग्दर्शक असल्यासारखा. राजा चित्रसेन सर्वेश जॉकीशी दोन शब्द बोलून अश्वशाळेत गेला आणि आतून किंकाळी आली. हॅटवाला सुशांत येऊन 'खुनी कोण?' असं तीनदा गरजला. लोकांना पहिल्यांदाच कोडं घातलेलं कळलं. कुजबूज सुरू झाली. साल्वादोर खूश होऊन शेजारच्याला कोपरानं ढोसत होता.

मग पखवाज वाजला आणि भद्रसेन आला. धोंडूनं गुडघा विसरून गिरकी घेतली, बाकड्यासमोर थांबला. पखवाजाचा तोडा पडला आणि पुढची शांतता पसरली. ती शांतता नटाचीच असते. त्यात उभं राहिलं की पोटातून शब्द येतात, ते आणावे लागत नाहीत. धोंडूच्या पोटातून आले.

"मी कोण म्हणून विचाराल, तर या अश्वनगरीचा ज्येष्ठ राजपुत्र भद्रसेन. आज सूर्योदयापूर्वी माझा सख्खा धाकटा बंधू अश्वशाळेत मारला गेला. आणि त्याला मारणारे हात... हे माझेच हात आहेत."

पेटीवाल्याचा हात भलत्याच सुरावर पडला. पडद्याआडून मंगेशचा "मेलो!" असा आवाज आला. साल्वादोर खुर्चीतून उठला, "खलास! पिक्चर खलास!" म्हणाला आणि परत बसला.

धोंडूला आपण काय केलं ते कळलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्याला वाटलं, बरं झालं. आता लपवायचं काय? आता हजारएक माणसांसमोर आपण खुनी आहोत. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि शिव्यांची वाट बघितली.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदका देऊन म्हणाली, "अरे देवा! कोणाक तरी वाचवूक आपल्या डोक्यार घेता गो!"

ते वाक्य वणव्यासारखं मागच्या रांगेपर्यंत गेलं. बायकांनी पदर काढले. पात्र लोकांशी खोटं बोलत नाही हे या लोकांना लहानपणापासून माहीत. त्यांनी तो नियम धोंडूसाठी जागच्या जागी मोडला. रीत खोटी असेल, राजा कसा खुनी असेल?

धोंडू चिडला. त्यानं मग कसर ठेवली नाही. मेलेल्या भावाच्या बायकोच्या गळ्यातला हार हिसकावला; लोक म्हणाले, तिच्या जिवाला धोका असणार, म्हणून दागिना काढून ठेवतोय. बांबूच्या घोड्याला लाथ मारली; लोक म्हणाले, दुःखानं वेड लागलं. सुशांतसारखं डोळे फिरवून गडगडाटी हसला, तर पटांगणात इतकी शांतता झाली की एक पोर झोपेतून जागं होऊन रडायला लागलं, आणि त्याची आई त्याला थोपटत म्हणाली, "भिया नको. राजा हसता तो, पन आतून रडता."

उलट सुशांतवर नजरा रोखल्या जाऊ लागल्या. तो भद्रसेनाला प्रश्न विचारायला गेला की मागून ओरडा यायचा. "राजाक सतावतंस मेल्या?" "हॅटीखाली काय लपवलंस ता दाखव!" द्रौपदीचा पदर ओढणारा हाच ना? मग खून दुसऱ्या कोणी केला असेल? शेवटी पिक्चरातल्यासारखं सगळ्यांना एका रांगेत उभं करून सुशांतनं भद्रसेनाकडे बोट दाखवलं, तेव्हा नारळाच्या सालीचा एक ओला सोडण सुसाट येऊन त्याच्या हॅटला लागला. हॅट पडली.

मंगेशचं सगळं आयुष्य लोकांचा रागरंग ओळखण्यात गेलेलं. दुसरा सोडण यायच्या आत तो स्वतः शिरावर कसलासा मुकुट चढवून देव म्हणून आत आला आणि म्हणाला, "थांबा! या सत्यशील भद्रसेनावर आळ घेणारा हा गुप्तहेर हाच खरा खुनी आहे!"

सुशांत हुशार. त्यानं एक क्षण मंगेशकडे बघितलं, परिस्थिती ओळखली आणि असा काही हसला की पुढच्या रांगेतली पोरं उठून पळाली. "होय! मीच मारलं!" पटांगण शिव्यांनी दणाणलं. एका बाईनं उभं राहून बोटं मोडली. एवढ्या सगळ्यात धोंडू ओरडत होता, "नाही, मी मारलं! मी! त्याचं काही ऐकू नका!" तसतसे लोक जास्त रडत होते. शेवटी सर्वेश जॉकीनं त्याला उचलून बाकड्यावर बसवलं आणि मुकुट घातला.

प्रयोग संपल्यावर म्हातारीकोतारी पाया पडायला आली. चुलतभावही आला आणि गडग्याबद्दल त्यानं पुन्हा एकदा माफी मागितली. मंगेशला तीन गावांची बोलावणी मिळाली. साल्वादोर मात्र धोंडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, आज सोरो घालतंय." धोंडू नको म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा दारू मिळत होती, पण ती खुनी म्हणून नव्हे, दया म्हणून.

घरी पडवीत बसून तो खोबरेल तेलाच्या बोळ्यानं तोंडाचा रंग काढू लागला. आनंदी उंबऱ्यावर टेकली. त्याला रडायलाच येत होतं. संपलं सगळं. आता मेल्यावरही लोक म्हणणार, काय देवमाणूस होता.

"माका पटला," आनंदी म्हणाली.

"काय?"

"तुमीच मारलास ता."

धोंडू पाटावरच वळला. बोळा हातातून पडला. "खरा? खंय पटला? हसलंय तेव्हा? घोड्याक लाथ मारलंय तेव्हा?"

"तेव्हा नाय. तेव्हा तुमी नाटक करी होतास. पयल्यांदा सांगलास ना, शांतपनी, आवाज न चढवता. थंय पटला." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "माझी अंगनवाडीतली नोकरी अशीच गेली. तुमी एक शब्द वाकडो बोललास नाय. हसलास, 'राजाच्या बायलेन लोकांची पोरा कित्याक सांभाळूची' म्हटलास, आनि दुसऱ्या दिसापासून मी गेलंय नाय. तुमी माझी फाइल चुलीत घातलास ती मी बघलंय. गावात सगळी म्हनत, कितकी रानीसारखी ठेवल्यान."

धोंडूला 'तसा नव्हता गो' म्हणायचं होतं. दशावतारात दुसऱ्या पात्राशी खोटं बोललेलं चालतं. पण समोर पात्र नव्हतं. जन्मभर ज्याची वाट बघितली तो प्रेक्षक होता, एकुलता एक, आणि त्यानं धोंडूला नीट ओळखलं होतं. धोंडूला आनंद व्हायला हवा होता. त्याला भीती वाटली.

त्यानं पडलेला बोळा उचलला, झटकला आणि हरिश्चंद्राला न शोभणाऱ्या बारीक आवाजात विचारलं, "आनि काय काय पटला तुका?"

आनंदीनं पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ लावली.

"बसा," ती म्हणाली. "आख्यान मोठा आसा."